बाराव्या टप्प्यावरून

आमच्या इंदूरच्या घरी, बैठकीच्या खोलीत, घड्याळाच्या खाली एक जुने चित्र टांगलेले आहे. चित्र म्हणजे वस्तुतः एका कापडवाल्याने वाटलेल्या दिनदर्शिकेचे पान. वर्ष सरल्यावर तारखांचा भाग कापून दादांनी ते काचेत बसवून घेतले होते. दादा म्हणजे आमचे कै. वडील. चित्राच्या मधोमध पाण्याचा एक सरळ पाट आहे, दोन्ही अंगांस फुलांचे ताटवे आहेत, हिरवळ टप्प्याटप्प्याने खाली उतरत गेली आहे आणि अगदी तळाशी एक विस्तीर्ण सरोवर पहुडले आहे. खाली बारीक अक्षरांत एवढेच छापले आहे : ‘निशात बाग, श्रीनगर’.

दादा सरकारी नोकरीत होते. १९८९ साली त्यांनी प्रवास-सवलतीचा अर्ज भरला आणि पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात आईला काश्मीर दाखवून आणायचे असे ठरले. आईने दोघांसाठी लोकरीचे स्वेटरही विणून ठेवले. परंतु त्याच हिवाळ्यात काश्मीरची परिस्थिती बिघडली. तिथल्या असंख्य पंडित कुटुंबांवर पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून निघण्याची पाळी आली. त्यांच्या दुःखापुढे आमच्या रहित झालेल्या सहलीचे दुःख ते काय! “पुढल्या वर्षी पाहू,” असे दादा म्हणाले. त्या पुढल्या वर्षाची वाट पाहता पाहता त्यांची निवृत्ती झाली, मग आजारपण आले आणि २००४ साली ते गेले. आईने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मात्र दर दिवाळीला ती ते चित्र उतरवी, काच स्वच्छ पुशी आणि पुन्हा जागच्या जागी टांगी.

२०२३ सालच्या गणपतीत, आरती झाल्यावर, तिने सहज विचारावे तसे विचारले, “तिकडे आता जाता येते म्हणतात. खरे का?” आईला तेव्हा एकोणऐंशीवे वर्ष लागले होते. त्या प्रश्नाला ‘पुढल्या वर्षी’ असे उत्तर देण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. दसरा घरी करून लगेच निघालो. दिल्लीला विमान बदलून श्रीनगरला पोहोचलो आणि दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, कोजागिरीच्या आदल्या दुपारी, आई, सौ. आणि आम्ही निशात बागेच्या दाराशी उभे राहिलो.

दल सरोवराच्या पूर्वेस झबरवान नावाच्या डोंगराची रांग आहे. तिच्या पायथ्याशी, उतारावरच, ही बाग रचलेली आहे. ‘निशात’ या शब्दाचा अर्थ आनंद, उल्हास. नूरजहानचा भाऊ, मुमताजमहलचा पिता आणि त्या नात्याने शाहजहानचा सासरा असलेला आसफखान, याने १६३३ च्या सुमारास ती उभारली. बागेची लांबी साडेपाचशे मीटरांच्या जवळपास आहे. बारा राशी कल्पून तिचे बारा टप्पे पाडले, असे सांगतात. पूर्वी सरदार-उमराव नावेत बसून सरोवरातून थेट बागेशी येत. पुढे मधून रस्ता गेला आणि अगदी खालचा टप्पा बागेपासून तुटला. आज आपण त्या रस्त्यावरच वाहनातून उतरतो आणि मान वर करून बाग पाहतो.

मान वर करून पाहणे ही या बागेची पहिली अट आहे. इराणी पद्धतीच्या चौकोनी बागेत पाणी मध्यभागी असते आणि तिथून चारी दिशांना पाट काढून बागेचे चार भाग केलेले असतात. सपाट भूमीवर ही रचना शोभते. डोंगराच्या उतारावर ती जशीच्या तशी बसणार कशी? म्हणून काश्मीरच्या बागा रचणाऱ्यांनी ती आखणी उताराबरहुकूम लांबविली. पाण्याचा उगम मध्यातून उचलून डोंगराच्या बाजूस, सर्वांत वर नेला आणि एकच पाट बागेच्या पाठीच्या कण्यासारखा वरून खालपर्यंत आणला. गोपीतीर्थ नावाच्या झऱ्याचे पाणी या बागेला मिळते. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उतरताना ते कोरीव दगडाच्या उतरत्या फरशीवरून वाहते. या फरशीला ‘चादर’ म्हणतात. दगडावरची नक्षी अशी खोदलेली असते की, पाण्याचा पातळ पडदा तिच्यावर आपटून फुटावा आणि उन्हात लखलखावा. त्या चादरींच्या माथ्यावर, पाटावरच, दगडी बैठका घातलेल्या आहेत. खालून पाणी वाहते आहे आणि वर आपण बसलो आहोत, अशी ती योजना!

आम्हां इंदूरकरांना याचे नवल अधिक वाटले. आमच्या गावी १९७८ साली नर्मदेचे पाणी आले. ते जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर, मोठमोठ्या पंपांनी घाट चढवून आणावे लागते. वीज गेली की नळ गेला, हे आमच्या गृहिणींना चांगले ठाऊक आहे. आसफखानाच्या काळी पंप नव्हते. वरच्या टप्प्यावरचे पाणी बंद नळातून खाली आणायचे आणि खालच्या हौदात मोकळे सोडायचे, एवढीच युक्ती. पाणी आपली मूळची उंची गाठू पाहते आणि त्या धडपडीचेच कारंजे होते. माणसाने उतार तेवढा ओळखला होता; बाकीचे काम पाणी आपल्याच ओढीने करी.

परंतु पाण्याला जे सोपे ते म्हाताऱ्या गुडघ्यांना सोपे नव्हे. काठी टेकीत, आमच्या खांद्यावर हात ठेवीत आई तीन टप्पे चढली आणि एका दगडी कठड्यावर बसली. चिनारांची पाने तेव्हा रंग बदलीत होती. निम्मी पिवळी, निम्मी तांबूस. आईने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, “छान आहे. पण हे ते नव्हे.”

आम्ही समजावले की, आई, चित्र वरून काढलेले आहे, म्हणून खालून बाग तशी दिसत नाही. अगदी वरच्या टप्प्यावर जाऊन मागे वळले म्हणजे मग ते दृश्य दिसेल. तिने वर पाहिले. पायऱ्यांमागून पायऱ्या आणि सर्वांत शेवटी जनानखान्याच्या टप्प्याची अठरा फुटी उंच भिंत. “मग तुम्ही दोघे जाऊन या,” ती म्हणाली. “मी बसते इथेच. इथवर आले, पुष्कळ झाले.”

वाचकहो, ‘पुष्कळ झाले’ हे शब्द आपल्या घरोघरच्या आया ज्या स्वरात उच्चारतात, तो स्वर आपल्या परिचयाचा असेलच. सौ. म्हणाली, मी सासूबाईंजवळ थांबते, तुम्ही जा. आम्ही म्हणालो, मग कोणीच नको. आमची अशी हलक्या आवाजातील हुज्जत चालली असता जवळच्या चिनाराखाली बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून आले. अंगात राखी रंगाचा फेरन, पांढरी आखूड दाढी, हातांची बोटे मुळ्यांसारखी गाठाळ. त्यांनी हिंदीत विचारले, “माँजींना वर जायचे नाही का?”

खरे सांगायचे तर आम्ही सावध झालो. प्रवासात चार ठिकाणी चार जणांनी फसविले की पाचवा भला असला तरी मनाचे दार लवकर उघडत नाही. आम्ही तुटक उत्तर दिले. पण आईने आपल्या इंदुरी हिंदीत, म्हणजे निम्म्या मराठीत आणि निम्म्या माळवीत, त्या चित्राची सगळी कथा सांगून टाकली. गृहस्थ लक्षपूर्वक ऐकत होते. “ते चित्र पाहायला मिळेल?” त्यांनी विचारले. निघताना सौ.ने त्याचे छायाचित्र मोबाइलवर घेतले होते, ते दाखविले. त्यांनी चष्मा पुसला, चित्र मोठे करून न्याहाळले आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवले. “हा डावीकडचा चिनार आता नाही. एका वर्षी बर्फाच्या भाराने गेला. हे वरच्या टप्प्यावरून काढले आहे, पाटाच्या उजव्या हाताला उभे राहून. जागा मला ठाऊक आहे.”

जागा त्यांना ठाऊक असणारच होती. त्यांनी उभा जन्म याच बागेत माळीकाम करण्यात घालविला होता आणि निवृत्त झाल्यावरही रोज दुपारी ते इथे येऊन बसत. त्यांचे नाव आम्ही इथे देत नाही, कारण ‘नाव लिहू नका’ असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

त्यांनी कोणाला तरी हाक मारली. पाने गोळा करणारी दोन तरुण मुले धावत आली. चहावाल्याकडून हातांची एक भक्कम खुर्ची आली. आईला त्यांचा विचार उमगला तशी ती संकोचून गेली. “नको रे बाबा. परक्या मुलांच्या खांद्यावर बसून मिरवू काय?” त्यावर ते म्हातारबाबा म्हणाले, “माँजी, ही मुले दिवसभर खताची पोती वाहतात. तुमचे वजन ते किती? आणि आजीला उचलायला कधी कोणी परका असतो का?”

अशी आमची वरात निघाली. पुढे खुर्चीत आई, दोन्ही बाजूंना ती मुले, मागे काठी आणि पिशवी घेऊन आम्ही. प्रत्येक टप्प्यावर मुले खुर्ची टेकवीत, आणि ती दम घेत तोवर बाबा काही ना काही सांगत. अशाच एका थांब्यावर त्यांनी या बागेची ती प्रसिद्ध आख्यायिका सांगितली.

शाहजहान ही बाग पाहून इतका हरखला की, त्याने सासऱ्यापाशी तीनदा तिची स्तुती केली. स्तुतीचा अर्थ उघड होता : बाग नजर करावी. आसफखानाने तो अर्थ समजूनही न समजल्यासारखे केले. बादशहा रुष्ट झाला. निशातचे पाणी शाही शालिमार बागेच्या पाटातून येत असे. ते तोडण्याचा हुकूम सुटला. कारंजी थांबली, चादरी कोरड्या पडल्या, ताटवे सुकू लागले. आसफखान खिन्न होऊन एका झाडाखाली पडून राहू लागला. त्याचे दुःख एका चाकराला पाहवेना. एके दिवशी त्याने गुपचूप पाणी सोडले. खळखळ ऐकून आसफखान दचकून उठला आणि भयाने त्याने पाणी तत्काळ बंद करविले. पण वार्ता बादशहापर्यंत गेलीच. चाकराला आता कोणती शिक्षा होते, या चिंतेत सगळे असताना शाहजहानला त्याच्या निष्ठेचे कौतुक वाटले आणि निशातचे पाणी पूर्ववत चालू करण्याची आज्ञा झाली.

“त्या चाकराचे नाव काय?” आईने विचारले.

बाबा हसले. “बादशहाचे नाव राहिले, वजिराचे राहिले. पाणी सोडणाऱ्याचे नाव कोण लिहून ठेवतो, माँजी?”

मग ते आपल्या कामाविषयी बोलू लागले. अगदी पहिल्यांदा बागेत आले तेव्हा त्यांच्याकडे पाटातली पाने काढण्याचे काम होते. चिनाराचे पान पंजाएवढे रुंद. ते चादरीच्या तोंडाशी अडकले, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे साचले की, पाण्याची धार एका अंगाला सरकते आणि खालचा अर्धा टप्पा उघडा पडतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ पाट साफ व्हायलाच हवा. “मधली कितीतरी वर्षे अशी गेली की, बाहेरचे माणूस इथे फिरकत नसे,” ते म्हणाले. “बाग पाहायला कोणी नाही; पण पाने गळायची थोडीच थांबतात? आम्ही येत असू, पाट साफ करीत असू, घरी जात असू.”

आई खुर्चीत किंचित पुढे झुकली. “नव्वद साली? मे महिन्यात?”

“होतो, माँजी. ज्या दिवशी घराबाहेर पडता येई त्या दिवशी येतच असू.”

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाली, “ऐकलेस? आपण आलो नाही, तरी आपल्यासाठी पाणी चालू ठेवणारे कोणी तरी इथे होते.”

शेवटच्या जिन्यापाशी मुलांनी खुर्ची चांगली आवळून धरली आणि एकेक पायरी मोजीत ती वर चढली. बाबांनी वरच्या टप्प्यावर पाटाच्या उजवीकडे चार पावले टाकली, मागे-पुढे पाहिले, पायाने एक जागा दाखविली आणि मुलांकडून खुर्ची तिथे ठेवविली, तोंड सरोवराकडे करून.

आणि ते चित्र आमच्यापुढे उलगडले. पाटाची तीच सरळ रेषा, तेच उतरते टप्पे, खाली दलचे रुपेरी पाणी, पलीकडच्या काठावर हजरतबलचा शुभ्र घुमट, त्याच्याही मागे पीर पंजालच्या रांगा. बाग पश्चिमाभिमुख आहे. ऊन कलले होते आणि पाण्याची प्रत्येक चादर सोनेरी झाली होती. डावीकडे मात्र, बाबा म्हणाले होते त्याप्रमाणे, एका वृक्षाची जागा मोकळी होती.

आईच्या डोळ्यांत पाणी येईल असे आम्हांला वाटले होते. तसे काही झाले नाही. तिने पदर सारखा केला आणि घरातले एखादे काम तपासून पाहावे तसे ते सारे दृश्य डावीकडून उजवीकडे नीट पाहून घेतले. “हेच ते,” एवढेच म्हणाली. पुष्कळ वेळाने तिने सौ.ला सांगितले, “त्यांचे स्वेटर मी उगीच देऊन टाकले ग.”

आम्ही तिचे छायाचित्र घेऊ लागलो तेव्हा ती म्हणाली, “माझे एकटीचे नको. यांनाही बोलाव.” म्हणून त्या छायाचित्रात मध्ये आई, एका बाजूस बाबा आणि दुसऱ्या बाजूस ती दोन मुले संकोचून उभी आहेत. त्यांच्या कपाळांवर अजून घाम दिसतो.

निघताना आम्ही मुलांच्या हातांत पैसे ठेवू लागलो. त्यांनी बाबांकडे पाहिले, बाबांनी मान हलविली आणि त्यांनी हात मागे घेतले. आपण आरंभी या माणसांविषयी काय समजलो होतो, हे आठवून आम्हांला खाली पाहावे लागले. त्या अवघड क्षणातून आईनेच वाट काढली. तिच्या पाकिटात दसऱ्याची चार-पाच आपट्याची पाने होती, थोडीशी सुकलेली. तिने ती काढून तिघांच्या हातांवर एकेक ठेवले आणि सांगितले, “हे आमच्याकडचे सोने. मोठ्यांनी लहानांना, लहानांनी मोठ्यांना द्यायचे. याला नाही म्हणायचे नसते.” बाबांनी ते पान उलटसुलट पाहिले, डोळ्यांना लावले आणि फेरनच्या आतल्या खिशात जपून ठेवले. मग वाकून त्यांनी पाटाच्या काठावरून चिनाराचे एक अखंड, तांबडे पान उचलले आणि आईला दिले. “मग हे आमच्याकडचे.” खाली आल्यावर त्यांनी चहावाल्याकडे आम्हांला गुलाबी रंगाचा खारा चहा पाजला. चहात मीठ ही कल्पना आईला मुळीच रुचली नाही. पण तिने पेला रिकामा केला.

ही हकीकत इथेच संपली असती, तर ती लिहिण्याचे आम्हांला कदाचित सुचले नसते. परंतु २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरण कुरणात २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातील सहाजण होते, आमच्या इंदूरचे एक गृहस्थ होते आणि पाहुण्यांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. गावावर सुतककळा पसरली होती. दोन दिवसांनी संध्याकाळी आमचा दूरध्वनी वाजला. निशात बागेतले ते बाबा बोलत होते. निघताना आम्ही क्रमांक देऊन आलो होतो, तो त्यांनी जपून ठेवला होता. “तुमच्या गावचे गृहस्थ गेल्याचे वाचले. तुमच्या ओळखीचे तर नव्हते ना?” एवढे विचारून त्यांचा आवाज थांबला. पुढे त्यांना बोलवेना. आम्हांलाही शब्द सापडेनात.

आईने आमच्या हातून दूरध्वनी घेतला. ती कोणाच्या वतीने रागावली नाही आणि तिने कोणाच्या वतीने क्षमाही केली नाही. तो तिचा अधिकार नव्हता. तिने विचारले, “ती दोन मुले कशी आहेत? कामावर जातात ना?” पलीकडून उत्तर आले की, जातात, येणारे-जाणारे कोणी उरले नाही, पण पाट साफ करावाच लागतो.

त्या वर्षी २ ऑक्टोबरला दसरा आला. सोने लुटून झाल्यावर आईने एक पाकीट मागितले, त्यावर आमच्याकडून पत्ता घालून घेतला आणि आत आपट्याची चार पाने ठेवली. एक बाबांचे, दोन त्या मुलांची. चौथे कोणाचे, असे आम्ही विचारले.

“ते त्या पाणी सोडणाऱ्याचे,” आई म्हणाली, आणि पाकीट चिकटविण्यासाठी खळ शोधू लागली.